ज्या नावांपुढे टिंब नव्हते

वाचकांचे प्रश्न : शाळेचे वातावरण

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले. पाचवी ते दहावीचे वर्ग, दोन अधिवेशने आणि प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या असा व्याप आहे. निकाल वाईट नाही आणि शिक्षकही कामसू आहेत. तरीही फाटकातून आत आल्यावर मनावर दडपण येते. मुले शिक्षकांना पाहून वाट बदलतात. शिक्षककक्षात ‘ड’ तुकडीचे नाव सुस्कारा टाकल्याशिवाय निघत नाही. पालक येतात ते भांडायला, नाहीतर मान खाली घालून ऐकून घ्यायला. संस्थेच्या सूचनेवरून आम्ही आनंद सप्ताह साजरा केला, भिंतींवर सुविचार रंगवून घेतले, समुपदेशकांचे व्याख्यान ठेवले. आठवडा संपला आणि सारे पहिल्यासारखे झाले. शिस्त ढिली न पडू देता शाळेत आपुलकी कशी आणावी आणि सुरुवात कोठून करावी?
(एक मुख्याध्यापिका, पुणे)

उत्तर : बाई, आपण केलेला सप्ताह वाया गेला याचे फार वाईट वाटून घेऊ नका. तो मुलांसाठी होता आणि आपल्या शाळेतील दडपण मुलांनी आणलेले नाही, म्हणून तो टिकला नाही. वाट बदलणारा मुलगा आपल्याला एवढेच सांगत असतो की, मोठे माणूस समोर आले की काहीतरी विचारले जाते आणि ते बहुधा चुकलेले असते. शर्ट बाहेर का, वही कोठे आहे, काल का आला नाहीस. या प्रश्नांत गैर काही नाही. परंतु दिवसभरात त्याला मोठ्यांकडून फक्त हेच प्रश्न येत असतील, तर त्याने वाट बदलणे शहाणपणाचेच आहे.

सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर मी माझ्या अनुभवावरून देते. मी मुख्याध्यापिका असताना एका ऑगस्टमध्ये, शनिवारी मुले घरी गेल्यावर, नववीच्या चारही तुकड्यांतील सर्व नावे मोठ्या अक्षरांत कागदांवर उतरवून ते कागद शिक्षककक्षाच्या भिंतीवर लावले. प्रत्येक शिक्षकाच्या हाती एक स्केचपेन दिले आणि सांगितले की, ज्या मुलाविषयी गुण, हजेरी आणि तक्रारी सोडून दुसरी एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक असेल, म्हणजे त्याच्या घरी कोण असते, त्याला कशाची गोडी आहे, तो सकाळी काही खाऊन येतो की नाही, अशा मुलाच्या नावापुढे एक टिंब काढावे. अर्ध्या तासाने आम्ही मागे सरून पाहिले, तेव्हा काही नावांपुढे टिंबांची दाटी झाली होती. ती मुले वक्तृत्व आणि नाटकातली होती, कुणा ओळखीच्यांची होती, किंवा रोज कार्यालयासमोर उभी राहणारी होती. आणि मध्ये, पानेच्या पाने, कोरी जागा होती. एकट्या ‘ड’ तुकडीत १९ नावे अशी होती की, ज्यांच्यापुढे एकानेही टिंब काढले नव्हते. आम्हापैकी काहीजण त्या मुलांना चार वर्षे शिकवत होते.

चहाचे कप न्यायला आलेले आमचे शिपाईमामा त्या कागदांपुढे थांबले आणि एका कोऱ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “हा तर ताशा वाजवतो. नदीपात्रात पथकाचा सराव चालतो ना, तिथे बघितलाय मी. ढोलवाली पोरं सगळी याच्या हाताकडे बघत असतात.” आमच्या दप्तरी त्या मुलाविषयीचा शेरा ‘अनियमित, अभ्यासात लक्ष नाही’ असा होता. ताशाच्या इशाऱ्यावर ढोल ठेका बदलतात, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. तेव्हा हा अनियमित मुलगा पावसापाण्यात रोज संध्याकाळी वेळेवर सरावाला जात होता, कारण तो गेला नाही तर मागची सगळी रांग अडखळत होती. आमच्या शाळेत तो आला नाही तर काहीच अडखळत नव्हते. हजेरीपटावर एक ‘गै’ पडत होता, इतकेच.

शाळेचे वातावरण म्हणून आपण जे शोधत आहात, ते माझ्या मते येथे आहे. आपण नसलो तर कुणाला तरी चुकल्यासारखे वाटते, हे ज्या मुलाला ठाऊक असते त्याला शाळा आपली वाटते. उरलेले सारे उपाय या एका गोष्टीच्या आधाराने उभे राहतात आणि ती नसेल तर सुविचार भिंतीवरच राहतात.

त्या दिवशी आम्ही कोरी नावे वाटून घेतली. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा मुले आली. यात लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर, मावशी आणि अर्थातच शिपाईमामाही होते. करायचे होते ते फार थोडे : मूल दिसले की नावाने हाक मारायची, आठवड्यातून एकदा अभ्यासाव्यतिरिक्त एक प्रश्न विचारायचा आणि त्याने दिलेले उत्तर पुढच्या आठवड्यात लक्षात ठेवून पुढे न्यायचे. मुलांना याची कल्पना दिली नाही, ‘दत्तक’ वगैरे शब्द वापरले नाहीत. आपल्यावर कुणी उपकार करत आहे असे कळले की त्या वयाची मुले दूर पळतात आणि ते योग्यच आहे. चमत्कार झाला नाही, हेही सांगते. ताशा वाजवणारा मुलगा दहावीला एका विषयात राहिला आणि पुरवणी परीक्षेत सुटला. परंतु दिवाळीनंतर त्याची हजेरी सुधारली. त्याहून आधी बदलली ती शिक्षककक्षातील भाषा. ज्या मुलाची आजी दवाखान्यात आहे हे आपल्याला माहीत असते, त्याच्याविषयी ‘हे ड-वाले’ म्हणून बोलणे जिभेला जड जाते.

‘ड’ तुकडीचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट लिहिते. गुणांच्या उतरत्या क्रमाने तुकड्या पाडण्याची पद्धत आपल्या शाळेत असेल, तर येत्या मे महिन्यात ती बंद करा. राज्य मंडळाने दहावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवून बरीच वर्षे झाली, तरी शाळेच्या आत आपण दरवर्षी एक यादी लावतोच, आणि तिच्या शेवटच्या अक्षरात बसवलेली मुले ते अक्षर घरी घेऊन जातात. सर्व तुकड्यांत सर्व प्रकारची मुले असावीत. शिकवणे थोडे अवघड होते, हे खरे आहे. ती किंमत देण्यासारखी आहे.

शिस्त ढिली पडेल, ही भीती अनेक चांगल्या शिक्षकांना वाटते, म्हणून तिची टिंगल करू नये. शिस्तीत नियम थोडे असावेत, ते सर्वांना लागू व्हावेत, चुकीनंतर काय होणार हे आधीपासून ठाऊक असावे आणि त्यात अपमान नसावा. आमच्या शाळेत दोन मुलांनी धक्काबुक्कीत पाण्याचा नळ मोडला. पूर्वी त्यांना दिवसभर कार्यालयाबाहेर उभे करून पालकांना बोलावले असते, आणि ती दोघे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहून हसली असती. या वेळी त्यांना तीन प्रश्न विचारले : काय झाले, त्याचा त्रास कुणाला झाला, आता भरपाई कशी करणार? त्यांनी दोन मधल्या सुट्ट्या शिपाईमामांबरोबर नळ बसवण्यात घालवल्या आणि ज्या पाचवीच्या वर्गाचे पाणी बंद झाले होते, त्या वर्गात जाऊन कारण सांगितले. दहावीच्या वयाच्या मुलाला पाचवीच्या मुलांसमोर ‘आमच्यामुळे झाले’ असे म्हणणे किती कठीण जाते, हे मी दारात उभी राहून पाहिले आहे. छडीपेक्षा ते खूप कठीण आहे. छडीचा प्रश्न कायद्यानेही उरलेला नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना मनाई केली आहे. तो कायदा १४ वर्षांपर्यंतच आहे, मग नववी-दहावीचे काय, असे काहीजण विचारतात. तेथे बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ७५ लागू होते आणि त्याचे संरक्षण १८ वर्षांपर्यंत आहे.

शिक्षकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मतदार यादीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे, दर दोन दिवसांनी मागवले जाणारे तक्ते यांतून ज्याला तासापूर्वी पाच मिनिटे मिळत नाहीत, त्याने वर्गात शिरताना हसावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? ज्या शिक्षकाला मुलांदेखत मुख्याध्यापक बोलतात, तो ते बोलणे पुढच्या तासाला वर्गावर काढतो. शिक्षकाला मुलांसमोर कधीही रागवायचे नाही, हा नियम आपण स्वतःपुरता करा. आणि घटक चाचणीपूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने प्रत्येक पालकाला एक फोन असा करावा, ज्यात तक्रार नसेल. शाळेचा फोन आला की आईच्या पोटात गोळा येतो. ‘तुमच्या मुलीने आज प्रयोगवही फार नेटकी लिहिली’ एवढेच ऐकून एक आई मला म्हणाली होती की, बाई, आणि मग?

एक गोष्ट याच वर्षी करा. शाळेच्या इमारतीचा साधा आराखडा काढून सहावीपासूनच्या प्रत्येक मुलाला त्याची एक प्रत द्या आणि जेथे जायला नको वाटते तेथे लाल ठिपका द्यायला सांगा. नाव लिहायचे नाही. आमच्याकडे सर्वाधिक ठिपके पडले ते मागच्या जिन्याच्या वळणावर, सायकल स्टँडच्या टोकाला आणि मुलींच्या स्वच्छतागृहात. स्वच्छतागृहाचे कारण विचारल्यावर कळले की, तीनपैकी दोन दारांना आतून कडीच नव्हती. एकीने दार धरून उभे राहायचे आणि दुसरीने आत जायचे, असे कित्येक महिने चालले होते आणि काही मुली त्यामुळे शाळेत पाणीच पीत नव्हत्या. कड्या बसवायला एक दुपार लागली. तक्रारपेटी फाटकाजवळ होतीच. पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यात चिठ्ठी टाकायची हिंमत कुणाला होणार? म्हणून पुढे आम्ही दर शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक मुलाकडून एक चिठ्ठी घेऊ लागलो. सांगण्यासारखे काही नसेल त्याने ‘काही नाही’ असे लिहायचे, परंतु लिहायचे सर्वांनी. सगळेच लिहीत असले की लिहिणारा वेगळा दिसत नाही.

प्रश्न : मी नववीचा वर्गशिक्षक आहे. यंदा माझ्या वर्गात बीड जिल्ह्यातून आलेला एक मुलगा आहे. त्याचे वडील बांधकामावर काम करतात. पहिल्याच आठवड्यात त्याने ‘मी अभ्यास करायलोय’ असे उत्तर दिले आणि वर्ग हसला. तेव्हापासून त्याचे नावच ‘करायलोय’ पडले आहे. मी वर्गाला दोनदा खडसावले. माझ्यासमोर आता कुणी काही म्हणत नाही, पण मधल्या सुट्टीत तेच चालते, आणि तो मुलगा हजेरीलासुद्धा तोंडाने उत्तर देत नाही, फक्त हात वर करतो. काय करावे?
(एक शिक्षक, हडपसर)

उत्तर : सर, आपण खडसावलेत यात आपली कळकळ दिसते. मात्र वर्गाला सामुदायिक रागावले की तो मुलगा आणखी उठून दिसतो, आणि चिडवणे आपल्या नजरेआड सरकते. चिडवणारे बहुधा दोघे-तिघे असतात. त्यांना बळ येते ते हसणाऱ्या वीसजणांमुळे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी तयार केलेला ‘किवा’ हा उपक्रम याच गोष्टीवर उभा आहे : त्यात चिडवणाऱ्याइतकेच लक्ष बघ्यांकडे दिले जाते, कारण प्रेक्षक उठून गेले की खेळ थांबतो. म्हणून हसणाऱ्यांपैकी जी चार मुले मनाने बरी आहेत असे आपल्याला वाटते, त्यांना एकेकटे गाठा. दोष देऊ नका. ‘त्याने बोलणे बंद केले आहे, तुझ्या लक्षात आले का?’ एवढेच विचारा आणि ‘तुला काय करता येईल?’ हे त्यालाच सांगू द्या. डबा खायला शेजारी बसणे, खेळताना आपल्या संघात घेणे, टोपणनावाला न हसणे. ही उत्तरे मुले स्वतःच देतात आणि स्वतः दिलेले उत्तर ती पाळतात.

आता आपल्याविषयी विचारते. तो बोलताना आपण त्याचे वाक्य सुधारता का? मी एकदा वाचन चालू असताना एका मुलीचे ‘पानी’ भर वर्गात तीनदा ‘पाणी’ करून घेतले होते. उच्चार सुधारला की नाही ते मला कधीच कळले नाही, कारण त्यानंतर वर्षभर ती वाचायला उभीच राहिली नाही. ते आजही माझ्या मनाला लागून आहे. प्रमाण मराठी त्याला यायला हवी, परीक्षेसाठी आणि पुढच्या व्यवहारासाठी ती त्याच्या हक्काची आहे. पण ती वहीत सुधारावी. तोंडी उत्तरात आशय बरोबर असेल, तर उत्तर बरोबर आहे असे म्हणून पुढे जावे.

पाठ्यपुस्तकात वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलीतील कविता आली की आपण तिचा गोडवा रंगवून सांगतो आणि त्याच वर्गात जिवंत बोली बोलणारा मुलगा खाली मान घालून बसतो, ही विसंगती मुलांच्या लक्षात आणून देण्यासारखी आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड असतील तर बाहेर काढा. १९३२ पासून पुढे काही वर्षे हे काम पुण्यातच झाले आणि त्यात कोकण, वऱ्हाड, खानदेश अशा निरनिराळ्या भागांतील शब्द प्रदेशाच्या खुणेसह मानाने नोंदलेले आहेत. प्रत्येक मुलाने घरातील आजी-आजोबांकडून असा एक शब्द आणावा, जो वर्गात इतरांना ठाऊक नाही, आणि तो कोशात सापडतो का ते पाहावे. कोथिंबिरीला, कपाटाला, पावसाच्या सरीला घरोघरी किती वेगळे शब्द आहेत, हे कळू लागले की पुण्यात जन्मलेल्या मुलांनाही आपले आजोळ आठवते. मात्र त्या मुलाला पहिल्या दिवशी उभे करून नमुना बनवू नका. त्याला आधी एकट्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्याची वही पुढे येईपर्यंत थांबा. हजेरीला तो हात वर करतो, तोवर आपण हात पाहून त्याचे नाव घ्या आणि हसून पुढच्या नावाकडे वळा.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. दर सोमवारी सकाळी तिचे पोट दुखते. खोदून विचारल्यावर कळले की, वर्गातील मैत्रिणींनी तिला व्हॉट्सॲप गटातून काढून नवा गट केला आहे आणि तिच्या फोटोची स्टिकर करून फिरवतात. शाळेत गेलो, तर ‘मोबाइल हा शाळेबाहेरचा विषय आहे, तुम्ही पालकांनी आपसांत मिटवा’ असे सांगण्यात आले. आम्ही काय करावे? शाळा बदलावी का?
(एक पालक, कोथरूड)

उत्तर : शाळा बदलण्याचा निर्णय आज घेऊ नका. पोटदुखी डॉक्टरांना दाखवा, कारण ती खरी असते. मनाचा ताण शरीरातून बोलतो, तेव्हा ‘नाटक करू नकोस’ हे शब्द घरातून तरी तिच्या कानी पडू नयेत. तिचा मोबाइल काढून घेऊ नका, नाहीतर सांगितल्याची शिक्षा मिळाली असे तिला वाटेल. स्टिकरचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. इतर मुलींच्या आयांना सोसायटीच्या दारात गाठू नका; त्यातून मोठ्यांचे भांडण उभे राहते आणि मुलींचा प्रश्न मागे पडतो.

हा विषय शाळेबाहेरचा आहे, हे शाळेचे म्हणणे मला मान्य नाही. गट मोबाइलवर असला तरी त्यातल्या मुली एका वर्गात, एका बाकावर बसतात आणि डबा खाताना कुणाकडे पाठ फिरवायची हे तेथेच ठरते. वर्गशिक्षकांची वेळ मागून घ्या आणि तीनच गोष्टी विचारा : मधल्या सुट्टीत माझी मुलगी कोणाबरोबर असते, वर्गात तिच्या शेजारी बसायला कोण तयार होईल, आणि शाळेतील कोणत्या बाई दर दिवशी तिची विचारपूस करतील. नावे मागू नका, दोषी ठरवू नका. या तीन उत्तरांवर काम सुरू होऊ शकते. आठ-दहा दिवसांत हालचाल झाली नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि तो मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीपुढे ठेवण्याची विनंती करा. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार ही समिती शाळास्तरावर असायला हवी. पालक-शिक्षक संघाच्या सभेतही आपल्या मुलीचे नाव न घेता विषय काढता येतो, आणि असा विषय निघाला की आणखी दोन-तीन पालक बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्या फोटोंत किंवा बोलण्यात लैंगिक स्वरूपाचे काही असेल, तर मात्र थांबू नका. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ‘पॉक्सो’, याच्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ‘आधी शाळेची अंतर्गत चौकशी होऊ द्या’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. मुलीची झोप उडाली असेल, ती जेवत नसेल, किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलत असेल, तर शासनाच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. तेथे मराठीतून बोलता येते. लेखी अर्ज दिलात तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.